धर्मीआत्याचा मुंबईतला मांडव

समोर नवरा-नवरी बसल्याशिवाय धर्मीआत्या तोंडातून सूर काढत नसे. ती आमची धवलारीण. आमच्या आगरी लोकांत लग्नाची गाणी, म्हणजे धवले, गाणाऱ्या बाईला धवलारीण म्हणतात. भटजी मंगलाष्टकं म्हणतात ती फोटोसाठी. खारबावच्या आमच्या बाजूला म्हातारीकोतारी माणसं लग्न लागलं असं मानतात ते धवल्यांनीच. आत्याचा त्यावर पक्का विश्वास होता. इतर बायका गात, पण भाताची लावणी ती मुकाट्याने करायची. मुलींनी बाहुलीच्या लग्नात तिने गावं असा हट्ट धरला, तर म्हणायची, "गायले तं त्यांना संसार करावा लागंल. बाहुला कमावता हाय का?"

आत्या विधवा होती आणि माझ्या वडिलांकडे राहायची. मी नारपोलीत कापडाच्या लूमवर मेहता, म्हणजे कामगारांवर देखरेख ठेवणारा, होतो. तिथल्याच एका तेलुगू विणकराच्या मुलीशी, लताशी, मी ठाण्याला जाऊन नोंदणी लग्न केलं. बाबा तीन वाक्यं बोलले. "तू मोठा झालास. बरा झाला. पन माज्या दारात तुजा लगीन लागनार न्हाय." त्यानंतर दोन वर्षं ते माझ्याशी बोलले नाहीत. आत्या नारपोलीला यायची, लताच्या हातचा चहा प्यायची, पण आम्हाला नवरा-बायको म्हणायची नाही. "सईनं काय व्हतंय? सई तं बँकेत पन करतात," एवढंच म्हणे.

दोन हजार सहाच्या सुमारास मुंबईतल्या एका मोठ्या कलाकेंद्राने लोकगीतांच्या कार्यक्रमाला आत्याला बोलावलं. ती नाही म्हणणार याची सगळ्यांना खात्री होती. ती हो म्हणाली. अट एकच, मी आणि लताने बरोबर यायचं. मला मुंबई माहीत आहे म्हणून असेल, असं मला वाटलं. लताला तिने पिवळी साडी नेसायला सांगितली.

कलाकेंद्राच्या दारातच आत्याने चपला काढून पिशवीत घातल्या, कारण आत गालिचा होता. सभागृहाच्या उंच छताकडे तिने बराच वेळ पाहिलं. "येवडा मोठा मांडव, आन एक पान न्हाय," ती म्हणाली.

कार्यक्रमाच्या संयोजक नंदिनीबाई फार गोड बोलायच्या. "आजी, तुम्हाला वीस मिनिटं आहेत हं."

"नवरा-नवरी कुटं हान?"

"लग्न नाहीये आजी. फक्त गाणी."

"मंग मना कशाला बोलावलंस?"

नंदिनीबाईंनी धावपळ करून दोन तरुण नट आणले. मुलाला फेटा बांधला, मुलीला नथ घातली. आत्याने दोघांना नीट न्याहाळलं. "आईबापाला सांगून आलाव का?"

"आजी, हे नाटक आहे," मुलगा हसत म्हणाला.

"तू नाटकी असशील. माजा गाना नाटकी न्हाय. लगीन लागला तर निस्तरनार कोन?"

मुलाने फेटा काढला. मुलगी जरा नाराज दिसली.

बाहेर रंगमंचावर निवेदकाने आत्याचं नाव पुकारलं. नंदिनीबाईंच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. तेव्हा आत्या शांतपणे म्हणाली, "माजी दोगा हान. कदीची ताटकलल्यात." आणि तिने कनवटीची हळदीची पुडी सोडली.

त्या झगझगीत उजेडात आम्ही दोघे पाटाऐवजी तबलजीच्या गादीवर बसलो. आत्याने आमच्या कपाळाला हळद लावली आणि गायला लागली. आवाज चिरका होता, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. वीस मिनिटं केव्हाच संपली. तिला थांबवायची कुणाची छाती झाली नाही. लता रडत होती. लोकांना तो अभिनय वाटला आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.

गावी परतल्यावर ती ओटीवर बसलेल्या बाबांना म्हणाली, "तुज्या पोराचा लगीन लावून आले. तुज्या दारात न्हाय लावला. मुंबयला लावला."

बाबांनी विचारलं, "जेवान काय व्हता?"

"डब्यात सँडविच व्हता. थंड."

"लगनाला सँडविच?"

पुढच्या रविवारी बाबांनी अख्ख्या आळीला जेवण घातलं. मला क्षमा केली असं ते म्हणाले नाहीत. बहिणीने लावलेलं लग्न सँडविचवर राहू नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. लताशी मात्र ते मोजकंच बोलत. तिला काही सांगायचं असलं तर मला सांगत.

लताने आत्याला धवले शिकवायची गळ घातली. "कोनाचा तरी लगीन असंल तवा माज्या मागं बस," आत्या म्हणाली. लता दोन लग्नसराया तिच्या मागे बसली. तिसरीच्या आधी आत्या गेली. दुपारी जेवून आडवी झाली, ती उठलीच नाही.

त्या वैशाखात चुलत बहिणीचं लग्न होतं. नवरा-नवरी पाटावर बसली, पण धवले गायला कुणी पुढे होईना. म्हाताऱ्या एकमेकींकडे पाहू लागल्या. बाबा उठले, बायकांच्या घोळक्याजवळ गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सूनबाई, फुडं बस."

लता पुढे बसली. काही शब्द तिने तेलुगू वळणाने म्हटले. लग्न लागलं.