मुक्ताची जांभई

दादा आमच्या मालिका बनवणाऱ्या मोठ्या कंपनीचे मालक आणि मुख्य दिग्दर्शक. अलीकडे आमच्या मालिका एकामागून एक बंद पडत होत्या. परवा दादा नवी गोष्ट सांगत होते. पुन्हा तीच कपटी जाऊ, तोच अपघात, तीच गेलेली स्मृती. आम्ही सगळे माना डोलावत होतो. तेवढ्यात नवी लेखिका मुक्ता हिला जांभई आली, चांगली लांब, आवाजासकट.

आमच्या डोलणाऱ्या माना जागच्या जागी थांबल्या. मुक्ता कावरीबावरी झाली. "सॉरी, दादा."

दादा तिच्याकडे बघून खळखळून हसले. "अगं, सांगता सांगता मलाही कंटाळाच आला होता. पण ही मंडळी 'वा, वा' करतात, म्हणून मी आपला बोलत राहतो."

मला वाटलं, माणूस मोठा झाला की त्याच्यासमोर मोकळेपणानं जांभई देणारं कुणी उरत नाही. किती एकटं वाटत असेल त्याला!

दादांनी खुर्ची ओढून मुक्तासमोर नेली. "तुला काय सुचतंय? सांग बघू."

ती चाचरत सांगू लागली. हळूहळू दादा पुढं झुकले, हातातला चहा तसाच राहिला, आणि ती श्वास घ्यायला थांबली तेव्हा ते अधीरपणे म्हणाले, "मग? पुढं काय झालं?"