तंबाखूच्या घरातली शिंक

ज्या घरातून कोणी कुठे जातच नाही, तिथे किस्से फार साचतात. जाणाऱ्या-येणाऱ्यांचे किस्से वाटेत सांडून जातात. आमचे आढ्याला टांगलेल्या पानांसारखे आतल्या आत वाळत राहिले.

दवनीवाड्याला नदीकाठी माझ्या सासऱ्यांचा तंबाखू. घरात खाली माणसं, वर पानं, आणि नाकात सदा तंबाखूच्या भुकटीचा खकाणा. मामाजींचा, म्हणजे सासऱ्यांचा, एकच कायदा होता. कोणी निघताना शिंक आली, की घरातल्यांनी आहे तिथे बसायचं. मामाजी चिलीम पेटवणार. ती विझेपर्यंत कोणी उठायचं नाही. तोवर वेळ टळलेली. मग तो बेत पुढल्या पंधरवड्यात!

तंबाखूच्या घरात शिंकेला बंदी! मासळीबाजारात वासाला बंदी म्हणा ना.

*

लग्न जुळवणारा म्हणाला होता, "मोठं घर हाये. माळव्याहून घोड्यावर आलेली मानसं!" मी हरखले. वरात दारी आली, माप ओलांडायला मी पाय उचलला, आणि आत कोणीतरी शिंकलं. भर उन्हात एक पाय वर, तशीच उभी! आतून सासूबाई म्हणाल्या, "बस माय उंबऱ्यावर. आता तूबी ह्याच घरची झाली."

*

जेवताना मामाजी घराण्याचा इतिहास सांगत. माळवा, तलवार, घोडा. इथवर अंगावर काटा यायचा. पुढे? आजोबा कामठ्याच्या जमीनदाराकडे गावाची मालगुजारी मागायला निघाले. शिंक! काका नागपूरला शिकायला निघाले. शिंक!

माझा दीर गंगाराम एकदा म्हणाला, "बाबा, मंग माळव्यातून निंगताना कोनालेच सर्दी नव्हती काय?"

त्या दिवशी तो अर्ध्या ताटावरून उठला.

*

माझ्या गोमतीच्या छातीत अगदी तान्हेपणापासून शिट्टी वाजायची. गोंदियाहून आलेल्या डॉक्टरांनी नळी लावली, वर पानांकडे पाहिलं आणि म्हणाले, "दवा क्या देना? बच्ची को इस घर से निकालो."

मामाजी म्हणाले, "ह्या पानानं पिढ्या पोसल्या. पोरीलेच काऊन सोसत नाही?"

माझा भाऊ तिरोड्याला. घराभोवती नुसती धानाची शेतं. गोमतीला तिथे ठेवायचं ठरवलं. त्या मोठ्या घराकडून मला दुसरं काही नको होतं. लेकीला पुरता श्वास यावा, एवढंच.

*

भाऊ बैलांची बंडी घेऊन न्यायला आला. गोमती बंडीत पाय ठेवणार, तोच ती स्वतःच शिंकली! भाऊ रिकामा परत गेला.

पुढल्या खेपेला पोरीने दोन्ही हातांनी नाक दाबून धरलं. चेहरा काळानिळा पडला, पण शिंकली नाही. तेव्हा मामाजी शिंकले! सगळे त्यांच्याकडे पाहत राहिले. त्यांनी शांतपणे चिलीम काढली. "कायदा मलेबी हाये."

किती न्यायी माणूस!

आणि गोमतीचे बाबा? ते बसले. बसण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता.

*

मी सोळा सोमवार केले, संकष्टी धरल्या, चातुर्मासात मीठ सोडलं. सासूबाई म्हणायच्या, "सुने, देवाले कायले तरास देऊन राहिली? तो निंगत असन गं देवळातून. पन ह्या घराच्या दारात कोनीतरी शिंकते."

तरी मी फुलवात लावायची सोडली नाही. देवाला उशीर होतो, पण तो येतो, असं मला वाटायचं.

*

स्वातंत्र्याच्या चळवळीत गंगारामने पत्रकं वाटली. त्याला पकडून न्यायला पोलीस शिपाई आला. तो आमच्यातलाच, नात्यातला. "चला" म्हणाला, आणि मी शिंकले. मामाजींनी शिपायालाही बसवलं! घरातले सगळे बसले, शिपाई बसला, चिलीम पेटली. गंगाराम मात्र परसातून चालत निघून गेला. शिपायाला दिसत होतं. पण उठणार कसा?

सासूबाई माझ्या कानाशी आल्या. "शिंक कोनाच्या कामी येते, ते पाह्यत जाय."

*

मामाजी वारले. तिरोड्याहून भाऊ आला. त्याची बंडी दाराशी जुंपलेलीच होती. आत गोमतीला धाप लागलेली. चौघांनी तिरडी खांद्यावर घेतली, "राम नाम" म्हटलं, आणि सासूबाई जोरात शिंकल्या.

चौघे एकमेकांकडे पाहू लागले. तिरडी खाली आली. सगळे बसले.

पण चिलीम कोण पेटवणार? जिच्या विझण्याची वाट पाहायची, तिचा धनीच तिरडीवर! कोणी उठेना.

सासूबाईंनी गोमतीला माझ्याजवळ आणलं. "भावाची बंडी उभी हाये. पोरगी घे अन् निंग."

"सुतक आहे, आई."

"ते माह्या डोक्यावर. निंग!"

कायदा मलाही होता. मी उठले.

गोमतीच्या बाबांनी मान वर केली, पण ते बसूनच राहिले. त्यांचं बसणं आयुष्यात एकदा माझ्या कामी आलं!

गाव मागे पडलं. धानाच्या बांध्या लागल्या. निघताना आजीने गोमतीच्या गालावरून हात फिरवला होता. तिथे तपकिरीची बोटं उमटली होती.

सासूबाईंनी जन्मात तपकीर ओढली नव्हती.