मार येण्याआधी

पट्टीवालीला मार येण्याआधी कळायचा. हे तिचं पहिलं शिक्षण, शाळेच्याही आधीचं. बाप कारखान्यातून घरी यायचा, बूट काढायला वाकायचा आणि वाकता वाकता त्याच्या जबड्याजवळची एक शीर उडायची. ती उडाली की पाठोपाठ हात यायचा. कधी पट्टा, कधी खुर्चीचा तुटका पाय, एकदा तर गरम इस्त्री. आईला ही शीर कधी दिसलीच नाही. ती बिचारी दरवेळी पहिली थप्पड खाऊन मग सावध व्हायची. पोरगी मात्र दारातच टपून असायची. शीर उडताना दिसली की धाकट्या भावाचा दंड धरून त्याला जिन्याखाली कोंबायची आणि स्वतः बाहेर उभी राहायची. कुणीतरी समोर लागायचंच. समोर कुणी नसलं की बाप शोधायला निघायचा, आणि शोधायला निघालेला बाप फार वाईट.

अशा घरातून माणूस एकतर मोडून बाहेर पडतो, नाहीतर हट्टी होऊन. ती हट्टी झाली आणि भाऊ मोडला. जिन्याखाली लपवून काही उपयोग झाला नव्हता. आवाज तर तिथेही येत होते. तिने रेडिओ उघडले, टीव्ही उघडले, शिष्यवृत्तीवर इलेक्ट्रॉनिक्स शिकली आणि एका मोठ्या इस्पितळाच्या संशोधन विभागात चिकटली. भाऊ एका गॅरेजमध्ये लागला. बाप मधल्या काळात अंथरुणात, अगदी शांतपणे मेला. अशी माणसं शांतपणेच मरतात, आणि त्याचा राग येतो.

त्या इस्पितळाचा मनोरुग्णांचा वॉर्ड म्हणजे रोजची मारामारी. एका सिस्टरचा डोळा स्टीलच्या ताटाच्या कडेने गेला होता. मोठ्या डॉक्टरांच्या डाव्या कानाची पाळी एका रुग्णाने चावून तोडली होती, आणि राउंडला ते तो कान भिंतीकडे ठेवून चालत. वॉर्डबॉयचा मुख्य होता कपाटदादा. नाव कुणी ठेवलं ठाऊक नाही, पण त्याच्याकडे पाहिल्यावर कुणी विचारतही नसे. त्याचे पुढचे दोन दात एका म्हाताऱ्या रुग्णाने डोक्याने धडक देऊन पाडले होते.

एकदा डॉक्टर चहाच्या टेबलावर वैतागून म्हणाले, “अरे, हे लोक उठायच्या आधी काहीतरी होत असेल ना अंगात? नाडी, घाम, काहीतरी. ते आधी कळलं तर?”

ती हातातला कप तसाच धरून बसली. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या विषयाचा प्रश्न कुणीतरी विचारला होता.

तिने मनगटाची पट्टी बनवली. मऊ रबराची, बकल नसलेली, कारण वॉर्डात बकलाचंही हत्यार होतं. आत नाडी मोजणारा इवलासा दिवा, घाम मोजणारे दोन धातूचे ठिपके आणि हाताची हालचाल टिपणारी एक चिप. त्या पट्टीतले आलेख जायचे गणित्याकडे. गणिती म्हणजे शिकणाऱ्या मशीनचे प्रोग्रॅम लिहिणारा एक सडपातळ बाबा, जो माणसांशी बोलताना नेहमी त्यांच्या खांद्याच्या वर कुठेतरी बघायचा. त्याचं काम सांगायला सोपं होतं. मशीनला आलेखाचे हजारो तुकडे दाखवायचे आणि सांगायचं, बघ, या तुकड्यानंतर मार झाला, या तुकड्यानंतर काही झालं नाही. दोन्हींतला फरक मशीन आपला आपण शोधतं.

मार कधी झाला हे कोण सांगणार? सिस्टर. तिच्या टेबलाखाली एक बटण बसवलं. ठोसा पडला, लाथ बसली, की बटण. त्या बटणाआधीचं एक मिनिट म्हणजे मशीनचा धडा. डॉक्टर, ती आणि गणिती, तिघांनी हे चहा संपायच्या आत ठरवलं. इतकं सरळ होतं की त्यावर पुन्हा विचार करावा असं कुणालाच वाटलं नाही. हुशार माणसांचं हे असं असतं. अवघड जागी डोळ्यांत तेल घालून बसतील आणि सोप्या जागी खुशाल झोपतील.

मशीन शिकलं. प्रत्येक खाटेवर दिवा लागला. हिरवा असेल तर ठीक. पिवळा झाला की कपाटदादा आणि त्याचे तिघे त्या खाटेकडे जायचे. लाल झाला की धरायचं, पाडायचं, सुई द्यायची. पाहता पाहता वॉर्डातल्या कर्मचाऱ्यांना लागणं कमी झालं. डॉक्टर परिषदांमधून भाषणं देऊ लागले, आणि वॉर्डाने तिचं नाव पट्टीवाली ठेवलं. कपाटदादा तर भेटला की म्हणायचा, “मॅडम, उरलेले दात तुमच्या नावावर.”

ती स्वतः मात्र वॉर्डात जात नसे. नियमच होता, यंत्रवाल्यांना आकडे मिळत, रुग्णांचे चेहरे नाहीत. तिला तो नियम मनापासून आवडायचा. माराचा आवाज तिला आजही सहन होत नव्हता.

आणि मग भाऊ आला.

त्याला बरेच दिवस कुणीतरी हाका मारत असल्याचं ऐकू येत होतं, हे त्याने लपवलं होतं. गॅरेजमध्ये एका गिऱ्हाइकाने बिलावरून आवाज चढवला आणि बोट नाचवायला हात वर केला. भावाच्या हातात पाना होता. त्याने त्या माणसाचा जबडा दोन ठिकाणी मोडला, माणूस खाली पडल्यावरही मारत राहिला, आणि मग गाडीखाली सरपटत जाऊन बसला. पोलिसांनी पाय धरून ओढून काढलं. डॉक्टरांनी विचारलं, दुसऱ्या इस्पितळात पाठवू का, इथे तुला अवघडल्यासारखं होईल. ती म्हणाली, “नको. इथे माझी पट्टी आहे. इथे तो सुरक्षित राहील.”

पहिल्याच आठवड्यात त्याचा दिवा इतक्या वेळा लाल झाला की बाकीच्या खाटांचे मिळून झाले नसतील. त्याचा खांदा निखळला. दोन बरगड्यांना तडा गेला. एका वॉर्डबॉयच्या पोटरीचा त्याने लचका तोडला. डॉक्टरांनी तिला बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता, बोलताना त्यांचा आवाज खाली गेला होता.

“वरच्या बंद मजल्यावर हलवावं लागेल. सोमवारी बैठक आहे.”

“तिथून माणूस परत कधी येतो?”

“लवकर नाही येत. मी नाही म्हणत गं. तुझीच पट्टी म्हणतेय.”

तिच्या जिवाचं पाणी झालं. एरवी तिला वॉर्डातलं काही बघता आलं नसतं, पण नातेवाईक म्हणून, भाऊ जखमी झाला म्हणून, कॅमेऱ्याचं चित्रण मागायचा हक्क तिला होता. तिने तो बजावला. एका कोंदट खोलीत पहारेकऱ्याच्या स्टुलावर बसून ती बघत राहिली.

भाऊ खाटेच्या कडेला बसलेला. शर्टाचं बटण लावतोय, काढतोय. दिवा हिरवा. कपाटदादा नुसता दारावरून जातो, दुसऱ्याच कामाला, कमरेला किल्ल्या खुळखुळताहेत. भावाची मान आत जाते. दिवा पिवळा. पिवळा झाला म्हणून कपाटदादा वळतो आणि त्याचे तिघे येतात. भाऊ उठून मागे सरकतो, भिंतीला टेकतो, दोन्ही हात तोंडावर घेतो. दिवा लाल. चौघे त्याच्यावर पडतात. एकाचा गुडघा त्याच्या छातीवर, एक त्याचा हात पाठीमागे पिळतोय, आणि मग खांदा निखळताना हात भलत्याच दिशेला लटकतो. त्याचं तोंड उघडं आहे, चित्रणाला आवाज नाही. तेव्हा तो चावतो. वॉर्डबॉय त्याच्या कानशिलावर ठोसे हाणतो. आणि तेव्हा, त्या सगळ्यानंतर, टेबलामागची सिस्टर खाली हात घालून बटण दाबते.

तिने तेच चित्रण पुन्हा लावलं.

गणित्याला तिने अक्षरशः कॉलर धरून आणलं. डॉक्टरांची सही घेऊन दोघांनी जुनी चित्रणं काढली, दिव्यांच्या आधीचीसुद्धा. त्या काळात कुणी आवाज चढवला की सिस्टर माणसं बोलवायची. क्रम तोच. माणसं येतात, रुग्ण भिंतीला लागतो, त्याला धरतात, मग तो मारतो, मग बटण. मनात आलं आणि कुणाला झोडपलं असे खरे हल्लेही होते, पण थोडे. मशीनला धडा म्हणून दिलेल्या मिनिटांत बहुतेक वेळा एकच गोष्ट होती, अंगावर येणारी माणसं बघणारा एक माणूस.

गणिती पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत बघून बोलला. “मशीन चुकलेलं नाही. त्याने बरोबर ओळखलंय. पण हा मारणार आहे, असं नाही ओळखलं त्याने. याला मार बसणार आहे, हे ओळखलंय.”

तिला एकदम हसू आलं, आणि ते हसू थांबेना. जन्मभर तिला वाटत होतं की आपण बापाची शीर पकडणारं यंत्र केलं. प्रत्यक्षात ते जिन्यासमोर उभ्या राहिलेल्या पोरीची नाडी पकडत होतं, आणि ती सापडली की बापाला आवाज देत होतं.

सोमवारच्या बैठकीत तिने हे सगळं मांडलं. डॉक्टरांना ते पचेना.

“अगं, पण आमच्या लोकांना लागणं कमी झालं, ते खोटं आहे का?”

“चौघे एकावर जातात, सर. मार कमी नाही झाला. फक्त बाजू बदलली.”

“घाबरलेला माणूस थरथर कापतो. चावत नाही. तुझा भाऊ आहे म्हणून तुला तसं दिसतंय.”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने पर्समधून पट्टी काढून स्वतःच्या मनगटावर चढवली, दिवा टेबलावर सगळ्यांसमोर ठेवला. हिरवा. मग म्हणाली, “कपाटदादाला बोलवा. वॉर्डात करता तेच माझ्यासोबत करू दे.”

कपाटदादा दारात येऊन उभा राहिला, मागे तिघे. “मॅडम, भलतंच काय? तुम्हाला कसा हात लावू?”

“करा,” डॉक्टर म्हणाले. “बघूच.”

तिचा बेत साधा होता. दिवा पिवळा झाला की ‘पुरे’ म्हणायचं, आणि घाबरलेल्या बाईचाही दिवा पेटतो हे दाखवून खाली बसायचं. चौघे नुसते आत आले आणि दिवा पिवळा झाला. ती ‘पुरे’ म्हणायला गेली. घशातून आवाजच निघेना. कपाटदादा सवयीने पुढे आला, सवयीनेच त्याने तिचा हात पाठीमागे नेला, दुसरा पंजा मानेवर ठेवला. हळूच ठेवला, असं तो नंतर शपथेवर सांगत होता. दिवा लाल झाला.

पुढचं तिला आठवत नाही. बाकीच्यांना आठवतं. तिने मोकळ्या हाताने टेबलावरची पाण्याची स्टीलची बाटली उचलली आणि मागे न बघता त्याच्या तोंडावर घातली. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू गेला. त्याने हात सोडला. ती थांबली नाही. वळून तिने दुसरा घाव भुवईवर घातला, तिसरा कानावर. तो गुडघ्यांवर आला तरी ती मारतच होती, आणि तोंडाने काही बोलत नव्हती. टेबलावरच्या कागदांवर रक्ताचे शिंतोडे उडाले. तिघे वॉर्डबॉय पुढे झाले.

“कुणी हात लावू नका,” कपाटदादा जमिनीवरून म्हणाला. बोलताना त्याच्या तोंडातून रक्त गळत होतं. “मागे व्हा. भिंतीला जा सगळे. डॉक्टर, तुम्हीपण.”

सगळे भिंतीला गेले. ती बाटली धरून मधोमध उभी होती, धापा टाकत. कुणी जवळ गेलं नाही. दिवा लाल होता, मग पिवळा झाला, आणि बऱ्याच वेळाने हिरवा झाला. बाटली तिने आपणहून खाली ठेवली.

डॉक्टरांनी तिला खुर्ची दिली. कुणीतरी पाणी आणलं. कपाटदादाला टाके घालायला नेलं, आणि त्याच दुपारी वॉर्डातले सगळे दिवे बंद करण्यात आले. भावाला वरच्या मजल्यावर न्यायचं रद्द झालं. तिचं सात-आठ वर्षांचं काम पाण्यात गेलं, आणि तिला त्याचं फारसं काही वाटलं नाही.

संध्याकाळी ती भावाला भेटायला गेली. पहिल्यांदाच वॉर्डाच्या आत. त्याचा हात गळ्यात बांधलेला होता, कानशील काळंनिळं पडलं होतं. तिने त्याच्या मनगटावरची पट्टी कापून काढली आणि काय झालं ते सगळं सांगितलं. तो लक्ष देऊन ऐकत होता.

“तू मारलंस? त्या कपाटाला?”

“हो. नाक मोडलं त्याचं.”

“खाली पडल्यावर पण मारलंस?”

“हो.”

“मग तुला किती जणांनी धरलं, ताई?”

“कुणी नाही.”

“सुई?”

“नाही रे. बसायला खुर्ची दिली. पाणी दिलं.”

तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. रागाने नव्हे, हिशेब लागत नसल्यासारखा.

“मला पण तहान लागायची,” तो म्हणाला.