जपलेला गळा

आमच्या चाकणच्या कंपनीत एक कलावंत आहे. कामगार नाट्यस्पर्धेत दोनदा राजा, एका मालिकेत मिनिटभर प्रेत, आणि कुठल्याशा इंग्रजी सिनेमाच्या मराठी आवृत्तीत एका म्हाताऱ्या ब्रिटिश नटाला दिलेला आवाज, एवढी त्याची कारकीर्द. पहिल्या दोन गोष्टी लोक विसरले. तिसरी हा विसरू देत नाही. चिखलीहून कंपनीची बस सुटली की याचं सुरू, "त्या लोकांची शिस्त बघा राव. नाटक असो, सिनेमा असो, गळा आधी जपतात." म्हणून भर मे महिन्यात याच्या गळ्याला मफलर आणि गालात ज्येष्ठमध. नमस्कार केला तर नुसती मान हलवणार.

एके दिवशी कदममामा खाली वाकून खोका उचलत होते आणि मागून फोर्कलिफ्ट रिव्हर्स येत होती. ते फक्त यालाच दिसलं. यानं दोन टाळ्या वाजवल्या. मशीनच्या धडधडाटात टाळ्या कुणाला ऐकू येणार? मामांचा पाय चाकाखाली गेला.

"ओरडला का नाहीस?" मी विचारलं.

मफलर सारखा करत म्हणाला, "उद्या रेकॉर्डिंग आहे, भाऊ."

रेकॉर्डिंग आमच्याच कंपनीच्या सुरक्षा सप्ताहाचं होतं. आता रोज सकाळी गेटवरच्या भोंग्यातून तोच साहेबी, खर्जातला आवाज येतो, "मित्रांनो, धोका दिसताच मोठ्याने ओरडा!"

काल मामा कुबडी घेऊन पहिल्यांदा कामावर आले. गेटपाशी थांबून त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं.

"आवाज लई खणखणीत हाय की त्याचा," म्हणाले. "मला वाटलं, बसलाय."