तुरीच्या मुळाच्या गाठी

वाटणीत काळं रान धाकट्या दिराला गेलं आणि मुरमाड पट्टा आमच्या वाट्याला आला. धाकट्या जावेचं आणि माझं तेव्हाही पटत नव्हतं, आजही पटत नाही. उगाच गोड कशाला लिहू? त्या दिवशी ती अंगणात बसून म्हणाली होती, की आक्काच्या रानात कुसळंसुद्धा विचार करून उगवतील. याच रानात तूर आणून दाखवायची, एवढं मी मनात धरलं.

आमच्याकडं शेणखत जातं कपाशीला, नाहीतर मोसंबीला. तुरीला कोण घालतंय? ती आपली आपण वाढते म्हणे. पण मी बदनापूरला बायांच्या शेतीशाळेत दोनदा बसून आल्ते. कच्चं शेण रानात टाकलं की मुळं खाणारी हुमणीची अळी होते, हे तिथं ऐकलं. मंग दिवाळीनंतर खड्डा घेतला. शेण, पालापाचोळा, तुरीच्या वाळल्या काड्यांचा, तुरकाट्यांचा चुरा, थरावर थर, वरून पाणी, आणि तोंड मातीनं लिंपून टाकलं. उन्हाळा सरला तेव्हा आत काळंभोर, भुसभुशीत खत. शेणाचा वास बिलकुल न्हाई. ते रानभर पसरलं. बियाण्याला गुळाच्या पाण्यातून जिवाणू खत चोळलं, सावलीत सुकवलं, मंग पेरलं.

जाऊ तिच्या रानात खुरपणाऱ्या बायांना सांगायची, मला ऐकू येईल अशा बेतानं, "आज तुरीला शेण चारलं, उद्या बाभळीला दूध पाजील."

तूर कंबरेला लागली तेव्हाची गोष्ट. सकाळी रानात गेले तर दीर आणि जाऊ माझ्या पट्ट्यात उभे. माझी चार झाडं उपटून बांधावर टाकलेली. मुळांना मिऱ्यांएवढ्या गाठी.

"शेणातून रोग आणला तुम्ही, आक्का," जाऊ म्हणाली. "आमच्या तुरीत शिरायच्या आधी समदं उपटून टाका."

आमचे मालक मागून आले, तंबाखू मळत. भांडण नको, बांधाकडच्या ओळींची चार तासं उपटून टाकू, असं म्हणाले. माझ्या अंगाची लाही झाली. भावापुढं त्यांचं तोंड कधी उघडत नाही, आणि उघडलं तर हे.

मी खाली बसले. एक गाठ नखानं काढली. अलगद निघाली. मधून चिरली तर आत लाल.

"रोगाची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं असतं, ती अशी सुटून येत न्हाई," मी म्हणाले. "बियाण्याला चोळलेल्या जिवाणूंची ही गाठ, हिच्यातून तूर खाते. आता तुमचं एक उपटा, भाऊजी."

दीर हलला नाही. मीच बांध ओलांडला आणि त्यांचं एक झाड उपटलं. अंगानं माझ्या तुरीपेक्षा हिरवंगार, पण मूळ जवळजवळ बोडकं. युरियाची पोती ओतली होती ना त्यांनी, मंग ते गाठी कशाला धरेल?

"आयतं खायची सवय लागली की कमवायला हात वळत न्हाईत," मी म्हणाले, आणि झाडाकडं न बघता जावेकडं बघितलं.

"तोंड सांभाळा, आक्का," एवढंच बोलून ती गेली. माझी तासं मात्र उभी राहिली.

त्या साली त्यांची तूर नुसती पाल्यावर गेली, शेंगा तुरळक. माझी बुटकी, पण शेंगांनी वाकलेली. खळं झाल्यावर दीर ओसरीवर आला. जावेनं पाठवला असणार. इकडचं तिकडचं बोलून शेवटी म्हणाला, की वहिनी, खड्ड्यातलं गाडीभर खत द्या.

"माझी चार झाडं होती तशी लावून द्या," मी म्हणाले, "मंग भरा गाडी."

चहा न घेताच उठला. मालक दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नाही तर नाही.

खड्डा दर दिवाळीला भरते. त्यांच्या बाजूनं मी खड्ड्याला बोराटीच्या काट्यांचं कुंपण घातलंय.