दाढ काढायची नाही

आमच्या घरी सकाळी चहा नसला तरी मिशेरी असायची. तव्यावर जाळलेल्या तंबाखूची ती काळी पूड आई दाताला लावायची. भूक मरायची, दाढेचा ठणकाही मरायचा. बेगम बाजारच्या गोदामात मिरच्यांचे देठ खुडणाऱ्या बहुतेक बायांचं असंच. तिथंच आईशेजारी बसणारी, आमच्या गल्लीतली मावशी मात्र वेगळी.

अशी बाई तुम्हीही पाहिली असेल. समोरचे दात गेलेले, तरी हसताना तोंडावर पदर घेणार नाही. "बघा की! मिशेरीनं खाल्ले. मी कशाला लाजू?"

गल्लीत पोर दिसलं की हुकूम सुटायचा, "आ कर! रात्री घासले का?"

"सकाळी घासले, मावशी."

"हौ, आन् रात्रभर किडीला दावत?"

एकदा आईचा गाल सुजला. तिनं मिशेरी वाढवली. मावशीनं डबी उचलून मोरीत उपडी केली.

आई भडकली. "दाढ माझी. तुला काय करायचंय?"

"गोदामात एक बोळकी पुरे. दुसरी नक्को!"

दवाखान्यात मीही सोबत होते. डॉक्टरांनी दाढ पाहिली, मग आईची साडी पाहिली. "निकाल देंगे, अम्मा."

मावशी उठून उभी राहिली. "बचती नहीं क्या?"

"बचती. मगर बार बार आना पडता. तुम लोगां आधे में छोड देते."

"गरीबां की दाढ निकालनेकीच रहती क्या, डॉक्टरसाब? बचाओ. ये कैसी नहीं आती, मैं देखती."

आईनं पुन्हा आ केला.

पुढच्या प्रत्येक खेपेला मावशीनं तिला हाताला धरून नेलं. गोदामाचा मुकादम म्हणाला, "एका दाढेसाठी एवढं नाटक? दोघींचा दिवसाचा रोज कापीन."

"कापा. दाढ राहील."

नस साफ झाली, वर कॅप बसली. मिशेरी सुटताना आई डोकं धरून बसायची, घरभर चिडायची. मावशी रोज दारात हजर. दुखणं थांबल्यावरही दर सहा महिन्यांनी तपासायला नेणार. आई कुरकुरायची, "दुखत तर नाही."

"दुखत नाही तवरच जायचं असतं, बाई."

मावशीला जाऊन बरीच वर्षं झाली. आईनं मिशेरीला पुन्हा हात लावला नाही. तिची ती दाढ अजून जागेवर आहे, त्याच बाजूनं ती फुटाणे फोडते. आमच्या घरातली पहिली पदवी मी आणली. माझी मुलगी आता बारावीत आहे, तिच्या एकाही दाताला कीड नाही. आमच्या घरात हेही पहिल्यांदाच घडलंय.