ठरावाचं अक्षर

दोन हजार तेवीस साल, मी एकाहत्तर वर्षांचा. आमच्या कुरखेड्याकडच्या गावात एक कंत्राटी मास्तर होता. लिहिण्याआधी पेन केसांत घासायचा आणि दर ओळीनंतर दाराकडे पाहायचा. खाणीला नकार देणारा ग्रामसभेचा ठराव त्यानंच लिहिला.

"भाऊ, माहं नाव कोणाले सांगू नको. नोकरी जाईन, वरून केस लागन." तरी त्याची एकही ओळ वाकडी झाली नाही.

आठवड्यानं पोलीस साहेब तो ठराव घेऊन चावडीवर आले. "हे अक्षर कोणाचं?"

मी दुसरी शिकलेला, पण म्हणालो, "माहं."

"वा बाबाजी! मग उद्या ठाण्यात येऊन लिहून दाखवा."

सांजेला मास्तरनं मला 'ग्रामसभा' शब्द वीस वेळा गिरवायला लावला. शेवटी म्हणाला, "भाऊ, हे तर कोंबडीनं उकरल्यावानी दिसून राह्यलं." दोघंही हसलो.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी निघालो. ठाण्यासमोर मास्तरची सायकल आधीच उभी होती. मी माझी तिलाच टेकवली आणि आत गेलो.